मेंदूत गाबा कमी पडतं तर गाबाच्या कॅप्सूल दिल्या तर चालतील का?

कृष्णाकाठ
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय पण प्लीज वाचा. माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. वर्षभर झालं, बोलता बोलता मधेच थांबायची, पापण्या फडफडायच्या, पाचदहा सेकंद कुठेच नसल्यासारखी, आणि मग जिथे वाक्य तुटलं तिथूनच पुढे सुरू. तिला स्वतःला काही कळायचंच नाही. शाळेतून तक्रार यायची की लक्ष नसतं, पाढे म्हणताना मधलेच आकडे गाळते. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी तिच्या हातात कागदाची पट्टी दिली आणि सांगितलं की हिच्यावर फुंकर मारत रहा, जोरजोरात. मिनिट दीड मिनिटात फुंकर थांबली, पट्टी हातात तशीच, नजर शून्यात. आमच्या समोरच झालं. मग ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) केला आणि ॲब्सेन्स एपिलेप्सी म्हणाले. व्हॅल्प्रोएटचं सिरप चालू आहे आणि फरक आहे, बराच आहे.

आता प्रश्न. डॉक्टरांनी समजावताना सांगितलं की मेंदूत ग्लुटामेट नावाचं केमिकल असतं ते गाडीच्या एक्सिलरेटरसारखं आणि गाबा म्हणून दुसरं असतं ते ब्रेकसारखं, दोघांचं गणित बिघडलं की फिट येते. हे घरी सांगितल्यावर माझ्या दिरांनी लगेच ऑनलाईन गाबाच्या कॅप्सूलची लिंक पाठवली, झोप लागावी म्हणून बाहेर लोक घेतात म्हणे, नॅचरल आहे. त्यांचं म्हणणं असं की ब्रेक कमी आहे तर ब्रेकच द्या ना, लिव्हरवर परिणाम करणारं सिरप कशाला. शिवाय एका लॅबची जाहिरात पण आहे, लघवी तपासून मेंदूतली केमिकल्स किती आहेत ते सांगतात म्हणे. मी सिरप बंद वगैरे करणार नाहीये, तेवढं कळतं. पण दिरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडलाय. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

तीनचाकी
ताई, केमिस्ट्रीतलं मला कळत नाही पण माझ्या भाच्याला हेच होतं. सिरप बंद करायचं नाही असं ठरवलंत ते बरोबर केलंत. डोस एकही चुकवू नका, आणि शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी देऊन ठेवा, तोंडी सांगितलेलं दर वर्षी बाई बदलल्या की विसरलं जातं. बाकी जाणकार लिहितीलच.

सुप्तज्वाला
मी न्यूरोफार्माकॉलॉजीत संशोधन करते, पेशंट बघणारी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण दिरांचा प्रश्न चांगला आहे, तो टाळण्यासारखा नाही, आणि त्याचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट, कॅप्सूलमधलं गाबा मेंदूपर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांसारख्या नसतात, तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बरीचशी रसायनं पलीकडे जात नाहीत, आणि गाबा त्यातलंच एक. मेंदू आपलं गाबा स्वतःच तयार करतो आणि गंमत म्हणजे ते ग्लुटामेटपासूनच करतो, एक एन्झाईम ग्लुटामेटचा एक छोटा तुकडा तोडतं आणि गाबा तयार होतं. या एन्झाईमला मदतीला बी६ जीवनसत्त्व लागतं. हे बी६ प्रकरण पुस्तकी नाही. १९५०च्या सुमाराला अमेरिकेत एका बेबी फूडमधलं बी६ प्रक्रियेत उष्णतेने नष्ट होत होतं आणि ते पिणाऱ्या धडधाकट बाळांना फिट यायला लागल्या, बी६ दिल्यावर थांबल्या. आपल्याकडे टीबीला देतात ती आयसोनियाझिड, ती कोणी चुकून किंवा मुद्दाम भरमसाट घेतली तर अशीच फिट येते, थांबता थांबत नाही, आणि तिथे नेहमीच्या औषधांबरोबर शिरेतून बी६ द्यावं लागतं. पण म्हणून सगळ्यांना बी६च्या गोळ्या देऊन एपिलेप्सी जात नाही, हेही लगेच सांगते. ज्या बाळांत जन्मतःच बी६ शी संबंधित दोष असतो त्यांच्यात ते जादूसारखं काम करतं, बाकीच्यांत नाही.

लघवीच्या टेस्टचंही तेच. लघवीत सापडलेलं गाबा हे आतडी, मूत्रपिंड, खाणं यांचं मिळून असतं, मेंदूतल्या कुठल्या भागात किती गाबा सुटतंय याचा त्यावरून काहीही अंदाज येत नाही. पैसे वाया जातील. कृपया करू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत हा फार महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबण लावते. ब्रेक-एक्सिलरेटर हे पाच मिनिटांच्या ओपीडीत सांगायला बरं आहे पण त्यावरून दिरांनी काढला तसा निष्कर्ष निघतो आणि तिथेच घोटाळा होतो. ॲब्सेन्स एपिलेप्सीत गाबा वाढवणारी औषधं दिली तर झटके वाढू शकतात. हो, वाढू शकतात. व्हिगाबॅट्रिन नावाचं औषध आहे, ते मेंदूत गाबा मोडणाऱ्या एन्झाईमला कायमचं निकामी करतं म्हणजे गाबा साठत जातं. तान्ह्या बाळांच्या एका वाईट प्रकारच्या झटक्यांवर ते उत्तम चालतं (डोळ्यांच्या कडेची नजर जाऊ शकते म्हणून तपासण्या कराव्या लागतात), पण ॲब्सेन्सवाल्या मुलांना ते देत नाहीत कारण त्यांचं बिघडतं. टियागाबिन पण तसंच, ते पेशींच्या फटीत सुटलेलं गाबा परत आत ओढू देत नाही, त्यानेही ॲब्सेन्स वाढतात.

असं का होतं? मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या आणि वरच्या कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, पेशी सतत एकमेकांशी बोलत असतात. थॅलॅमसच्या पेशींत टी प्रकारचे कॅल्शियम चॅनेल असतात आणि त्यांचा स्वभाव विचित्र आहे, पेशी नेहमीच्या जागेपणीच्या व्होल्टेजला असली की ते निष्क्रिय पडून राहतात, पण गाबाने पेशीला चांगलं खाली दाबलं, म्हणजे तिचं व्होल्टेज आणखी उणे केलं, की हेच चॅनेल तयार होऊन बसतात आणि दाब जरा सुटला रे सुटला की उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी एकदम विद्युत ठोक्यांचा झुबका सोडते. त्या झुबक्याने शेजारच्या गाबा सोडणाऱ्या पेशी चेततात, त्या परत दाबतात, परत सुटतं, परत झुबका. सेकंदाला साधारण तीन वेळा. तुमच्या मुलीच्या ईईजी रिपोर्टमध्ये बघा, बहुतेक तीन हर्ट्झ स्पाईक अँड वेव्ह असं लिहिलेलं असेल, ते हेच. म्हणजे इथे गाबा कमी पडलंय असं नाहीच, गाबाच त्या तालाचा अर्धा भाग आहे. म्हणून ॲब्सेन्सचं खास औषध जे आहे, इथोसक्सिमाईड, ते गाबाला हातच लावत नाही, थेट त्या टी चॅनेलवर जातं.

व्हॅल्प्रोएट मात्र एकाच जागी काम करत नाही, गाबा थोडं वाढवतं, सोडियम चॅनेल आवरतं, आणखीही काही काही करतं, आणि त्यातलं नेमकं कशाने गुण येतो यावर आजही एकमत नाही. ते सापडलं पण योगायोगाने, १९६२ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला, पिएर एमार हा विद्यार्थी दुसरीच औषधं तपासत होता आणि ती विरघळवायला व्हॅल्प्रोइक ॲसिड वापरत होता, तर प्रत्येकच औषध गुणकारी निघायला लागलं, मग लक्षात आलं की गुण त्या द्रावकाचा आहे. ॲब्सेन्ससाठी ते नक्की चालतं. २०१० साली अमेरिकेत ४५३ मुलांवर तुलना झाली, इथोसक्सिमाईड, व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन. पहिली दोन झटके थांबवण्यात जवळपास सारखी, तिसरं बरंच मागे. फक्त अभ्यासातलं लक्ष व्हॅल्प्रोएटवर जास्त मुलांचं ढळलं. तेव्हा झटके थांबूनही शाळेत लक्ष लागत नाही असं दिसलं तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा, आळशीपणा समजू नका.

कृष्णाकाठ
बाप रे, धन्यवाद ताई. रिपोर्ट काढून बघितला, खरंच ३ हर्ट्झ लिहिलंय. हे दिरांना तसंच्या तसं पाठवतेय. एक सांगा, मग दुसरी बाजू? ग्लुटामेट जास्त होतं म्हणून चायनीजमधलं अजिनोमोटो, टोमॅटो, चीज सगळं बंद करायचं का? सासूबाईंनी तर टोमॅटो आणणंच बंद केलंय.

सुप्तज्वाला
टोमॅटो खुशाल आणा. खाण्यातलं ग्लुटामेट बहुतेक सगळं आतड्याच्या भिंतीच वापरून टाकतात, आणि रक्तात आलेलं मेंदूत सहज शिरत नाही, वर सांगितलेल्या त्याच भिंतीमुळे.

पण ग्लुटामेटची नक्कल करणारा पदार्थ आत शिरला तर काय होतं ते जगाने एकदा बघितलंय. १९८७ साली कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. आधी उलट्या, मग गोंधळलेपण, काहींना फिट्स, काही दगावले, आणि काहींची नवीन गोष्टी लक्षात ठेवायची ताकद कायमची गेली. शिंपल्यांत समुद्रातल्या सूक्ष्म शैवालातून आलेलं डोमोइक ॲसिड होतं, ते ग्लुटामेटच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर ग्लुटामेट जिथे बसतं त्या जागेवर, जाऊन बसतं आणि पेशींना मरेस्तोवर चेतवत राहतं. त्यातल्या एका वयस्कर माणसाला आधीचा आजार ओसरल्यावर साधारण वर्षभराने टेम्पोरल लोबची (मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाची) एपिलेप्सी सुरू झाली. म्हणजे एकदा झालेल्या अति उत्तेजनेने मेंदूची जोडणीच बदलली आणि फिट नंतर, स्वतःहून यायला लागली. माझ्या मते एपिलेप्सी समजून घ्यायला ही घटना अख्ख्या पाठ्यपुस्तकाच्या तोडीची आहे.

आणि ग्लुटामेट सरसकट दाबणारी औषधं का फारशी नाहीत असं कोणी विचारेल, तर शिकणं, लक्षात ठेवणं, शुद्धीत असणं हे सगळं ग्लुटामेटवरच चालतं. जास्त दाबलं तर माणूस गुंगतो, भास होतात. पेराम्पॅनेल हे त्यातल्या त्यात जमलेलं औषध, ते एकाच प्रकारचा ग्लुटामेट रिसेप्टर आवरतं, पण त्यानेही काहींचा स्वभाव फार तापट होतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

पहाटवारा
मला सतराव्या वर्षापासून जेएमई आहे, ज्युव्हेनाईल मायोक्लोनिक. सकाळी उठल्यावर हात झटकन उडायचे, ब्रश हातातून उडून बेसिनमध्ये, चहाचा कप तर किती फुटले. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत रात्री जागून सकाळी मोठी फिट आली तेव्हा घरच्यांना कळलं. सुरुवातीला एका ठिकाणी मला कार्बामॅझेपिन दिली, फिटची गोळी ती फिटची गोळी असं धरून, आणि हात उडणं दुप्पट झालं, मी कॉलेजला जाणंच सोडलं होतं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी हात कधी उडतात, सकाळी की दिवसभर, एवढंच नीट विचारलं आणि गोळी बदलली. हे सांगायचं कारण वर ताईंनी लिहिलंय ते मी अंगावर काढलंय. एकाला चाललेली गोळी दुसऱ्याला उलटी पडते. नातेवाईकांनी सांगितलेली तर मुळीच घेऊ नये.

ताई, मला एक विचारायचं होतं. आता लेव्हेटिरासिटॅमवर आहे, फिट नाही, पण चिडचिड इतकी होते की बायको म्हणते तू पहिला राहिला नाहीस. हे पण केमिकलचंच का? की मीच तसा आहे?

सुप्तज्वाला
दादा, तुम्ही तसे नाही. चिडचिड हा या औषधाचा सगळ्यांना माहीत असलेला त्रास आहे. हे औषध गाबाच्या रिसेप्टरवरही बसत नाही आणि ग्लुटामेटच्याही नाही, मज्जापेशीच्या टोकाला ज्या बारीक पिशव्यांत ही रसायनं भरलेली असतात त्या पिशव्यांवरच्या एसव्हीटूए नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं, हे २००४ मध्ये कळलं, औषध बाजारात येऊन काही वर्षं झाल्यावर. पिशव्या फक्त गाबाच्याच नसतात ना, मूडशी संबंध असलेल्या रसायनांच्याही असतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, शक्य असेल तर बायकोला सोबत न्या, त्या जे बघतात ते तुम्हाला आतून दिसत नाही. डोस कमी करणं, औषध बदलणं असे रस्ते असतात. स्वतःहून बंद करू नका, एकदम बंद केल्यावर येणारी फिट नेहमीपेक्षा मोठी असू शकते.

आणि तुमच्या प्रकाराबद्दल एक. २००२ साली कॅनडातल्या एका फ्रेंचभाषक कुटुंबात जेएमई पिढ्यान् पिढ्या दिसत होती, तिथे दोष सापडला तो गाबाच्या रिसेप्टरच्या जीनमध्ये. गाबा भरपूर, पण ते जिथे बसायचं ती जागाच बिघडलेली. आधीच्या वर्षी ॲब्सेन्स आणि तापातल्या झटक्यांच्या एका कुटुंबातही त्याच रिसेप्टरच्या दुसऱ्या भागात दोष मिळाला होता. बहुतेक पेशंटांत असा एकच जीन सापडत नाही, पण किती कमी किती जास्त एवढंच मोजून का भागत नाही ते यावरून कळावं.

रात्रपाळी
मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, बरीच वर्षं. तुमच्या मुलीच्या झटक्याला हे लागू नाही ताई, तिचे सेकंदांत संपतात, पण धागा मोठी फिट येणारे लोकही वाचतील म्हणून लिहिते, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय.

पाच मिनिटं. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे हातपाय झटकणं चालू राहिलं तर ते आपोआप थांबायची शक्यता कमी होत जाते, तिथे थांबून बघायचं नाही. आमच्याकडे लोक अर्ध्या तासाने, तासाने आणतात, कारण मधला वेळ चप्पल हुंगवण्यात, कांदा फोडण्यात आणि दातखीळ उघडायला चमचा घालण्यात जातो. एकदा एका पोराचे पुढचे दोन दात चमच्याने तुटलेले, आणि तुटका दात घशाकडे गेलेला, तो आधी काढावा लागला. तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि डॉक्टरांनी मिडॅझोलॅमचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर तो त्यांनी सांगितलेल्या मापाने मारा आणि निघा.

उशीर झाल्यावर तेच इंजेक्शन का चालत नाही हे मला डीएम (एमडीनंतरचं शिक्षण) करणाऱ्या एका डॉक्टर पोराने समजावलं होतं आणि तेव्हापासून मी नातेवाईकांना तसंच सांगते. मिडॅझोलॅम, लोराझेपाम ही औषधं गाबाच्या रिसेप्टरवर बसून गाबाचं काम वाढवतात. पण फिट लांबली की पेशी आपल्या पृष्ठभागावरचे गाबाचे रिसेप्टर आत ओढून घ्यायला लागते, आणि ग्लुटामेटचे उलट वर आणते. म्हणजे औषध तेच, डोस तोच, पण त्याला बसायला जागाच उरलेली नाही. मग फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम शिरेतून, नाही थांबली तर भूल देऊन व्हेंटिलेटर, आणि कधी कधी केटामाईन, कारण ते ग्लुटामेटचा रिसेप्टर अडवतं.

अजून एक, कापूर. लहान मुलांना सर्दी झाली की कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात, छातीला कापूर घातलेलं तेल चोळतात, काही जण फिट आल्यावर हुंगवतात सुद्धा. कापराने स्वतःच फिट येते. पोटात गेला तर लहान मुलाला थोडाही पुरतो. ज्या घरात फिटचा पेशंट आहे तिथे कापूर देवाजवळच राहू द्या, आणि तोही मुलांच्या हाताला लागणार नाही असा.

सुप्तज्वाला
सिस्टर, फार मोलाचं लिहिलंत. कापराबद्दल एक भर, १९३४ मध्ये बुडापेस्टला मेदुना नावाचे डॉक्टर मानसिक आजारावर उपाय म्हणून पेशंटला मुद्दाम फिट आणायचे, आणि त्यासाठी सुरुवातीला त्यांनी वापरलं ते कापराच्या तेलाचं इंजेक्शनच.

वाटसरू_७२
वडिलांना पंचवीस वर्षांची दारूची सवय, गेल्या दिवाळीत स्वतःहून निश्चय करून एकदम सोडली आणि दुसऱ्या दिवशी फिट. सगळे म्हणाले बघा, सोडली म्हणून देवाने शिक्षा केली, आणि त्यांनी परत सुरू केली. याचा या केमिकलशी संबंध आहे का?

सुप्तज्वाला
थेट आहे दादा. दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो, गाबाला कमी प्रतिसाद द्यायला लागतो आणि ग्लुटामेटचे रिसेप्टर वाढवतो. एक दिवस दारू अचानक काढून घेतली की हे सगळं उघडं पडतं. अशी फिट साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येते, तुमच्या वडिलांचं बरोबर तेच झालं. त्यांना सांगा की त्यांचा निश्चय चुकीचा नव्हता. फक्त एकट्याने, घरी, एकदम सोडायची नाही. दवाखान्यात दाखल होऊन काही दिवस औषधांच्या आधाराने सोडवतात, गाबाचं काम वाढवणारी औषधं देऊन ती हळूहळू उतरवतात. परत तयार होतील ते, तुम्ही सोबत जा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. दिरांचा फोन आला होता, कॅप्सूलचा विषय संपला. त्यांनीच विचारलं की मग हे सिरप जन्मभर का? आणि मुलगी आहे म्हणून पुढचं पण टेन्शन येतं, काहीतरी वाचलं होतं व्हॅल्प्रोएट आणि बायकांबद्दल.

सुप्तज्वाला
बऱ्याच मुलांची ॲब्सेन्स एपिलेप्सी वयात येईपर्यंत जाते, सगळ्यांची नाही. साधारण दोन वर्षं एकही झटका नाही असं झालं की डॉक्टर ईईजी वगैरे बघून हळूहळू डोस उतरवायचा विचार करतात. तुम्ही वाचलंत तेही खरं आहे, गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर बाळाला व्यंग येण्याचा आणि पुढे बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून मुली मोठ्या व्हायला लागल्या की शक्य असेल तिथे औषध बदलतात. ती आठ वर्षांची आहे, आज घाबरायचं कारण नाही, पण हा प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत विचाराच. बदल करायचा असेल तर तो घाईत न करता सावकाश करता येतो, त्यासाठी वेळ हातात असलेला बरा. इथोसक्सिमाईडचंही विचारा.

रात्रपाळी
आणि घरी झटका दिसला तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, तारीख वेळेसकट. जोरात श्वास घ्यायला लावून घरी मुद्दाम आणून बघू नका फक्त. पोहायला आणि सायकलवर रस्त्यावर सध्या एकटी सोडू नका, मोठं कोणीतरी बरोबर हवं. बाकी तिला सगळं करू द्या.